घरच्यासारखी

"अहो, ती आमच्याकडे नोकरीला अशी नाहीच, अगदी घरच्यासारखी आहे!"

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. मसाल्याच्या कांडपात, शिवणाच्या खोलीत, ब्यूटी पार्लरमध्ये, क्लासेसमध्ये, आणि आता सावेडीतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये चार कॉम्प्युटर मांडून सुरू झालेल्या 'स्टार्टअप'मध्येसुद्धा! म्हणणारीच्या मनात खोट नसते, प्रेमानंच म्हणत असते ती. पण माझं काम आहे लहान व्यवसायांच्या वह्या लिहिण्याचं. गेली अठरा-वीस वर्षं नगर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत मी हेच करतेय. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, तरी एस.टी.त चढताना तोंडातून अजून 'एक नगर'च निघतं!) आणि वहीचं एक असतं. तिला प्रेम दिसत नाही, रकाने दिसतात. 'घरच्यासारखी' असलेल्या बाईच्या नावापुढचा रकाना उघडला की तिथे कधी 'किरकोळ खर्च' असतो, कधी 'उचल'. कधी दोन महिने काहीच नसतं आणि तिसऱ्या महिन्यात एक गोळाबेरीज रक्कम. दिवाळीला साडी मात्र न चुकता.

सध्या आपल्या जिल्ह्यात बायका मोठ्या हिमतीनं व्यवसायात उतरताहेत. संगमनेरला कुणी पनीर आणि लस्सीचं युनिट टाकतंय, श्रीगोंद्याला कुणी लिंबाची लोणची थेट मुंबईत पाठवतंय, राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेल्या मुली रोपवाटिका काढताहेत. पूर्वी याला आपण 'धंदा' म्हणायचो, आता 'स्टार्टअप' म्हणतो. म्हणू देत. भांडवल कुठून आणायचं, उद्यम नोंदणी कशी करायची, जीएसटी कधी लागतो, लेबलवर काय छापायचं, यावर भरपूर शिबिरं होतात. पण पहिली माणसं कशी निवडायची आणि त्यांना कसं वागवायचं, यावर एक तासाचं व्याख्यानही मी आजवर ऐकलेलं नाही. जणू काही माणसं आपोआपच येतात. पाहुणे येतात तशी!

खरं तर व्यवसायातला सगळ्यात महागडा निर्णय हाच असतो. शंभर माणसांच्या कारखान्यात एक चुकीचा माणूस आला तर शंभरातला एक. तुमच्याकडे तीन बायका असतील, तर एक म्हणजे तिसरा हिस्सा. शिवाय पहिली जी येते ती पुढच्यांना शिकवते. ती हात धुऊन कामाला बसत असेल तर दहावी बाईही हात धुऊनच बसते. ती वजन करताना दहा ग्रॅम इकडेतिकडे चालवून घेत असेल, तर वर्षभरानं तुमच्या अख्ख्या मालाचं वजन इकडेतिकडे असतं. आणि तुम्ही तिला पगार कधी देता, आजारपणात काय बोलता, हेही तीच पुढच्या बाईच्या कानात सांगते. पहिल्या तीन-चार माणसांत जे रुजतं, तेच पुढे त्या जागेचं वळण होतं.

मग ही माणसं आपण निवडतो कशी? मला दोनच तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा नात्याची. जावेची मुलगी रिकामीच आहे, भावजयीची बहीण नवऱ्याच्या माघारी अडचणीत आहे, शेजारच्या काकूंचा मुलगा बारावीला बसलाय आणि फिरतोय. घ्या त्याला! यात दया असते, सोयही असते आणि 'आपल्या माणसाचं भलं झालं' हे समाधानही असतं. पण नात्यातल्या माणसाला हिशेब विचारता येत नाही. 'काल दोन किलो मिरची कमी कशी?' असं विचारलं की रात्री सासूबाईंचा फोन येतो. आणि त्या मुलीलाही 'मामी, मागच्या महिन्याचा पगार राहिलाय' असं म्हणता येत नाही. दोघींचीही तोंडं नात्यानं शिवलेली!

दुसरी तऱ्हा सर्टिफिकेटची. ही शिकलेल्या मुलामुलींची. जाहिरातीत लिहायचं 'पदवीधर, इंग्रजी अस्खलित, दोन वर्षांचा अनुभव आवश्यक'. आता मला सांगा, दोन वर्षांचा अनुभव आणि अस्खलित इंग्रजी असलेला मुलगा नगरला तुमच्याकडे कशाला थांबेल? पुणं एकशे वीस किलोमीटरवर आहे. सकाळच्या गाडीत बसला की दुपारच्या मुलाखतीला पोचतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं असाच एक हुशार मुलगा घेतला. तीन महिन्यांत तिच्याकडचं काम शिकला आणि हिंजवडीला गेला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याचा एक पाय रस्त्यात आहे, त्याला आपण घरात बसवायला निघालो होतो.

पण या दोन्हींपेक्षा वेगळी एक तऱ्हा आहे, आणि ती शोधायला आपल्याला अमेरिकेत जायला नको. नगरपासून पाऊणशे किलोमीटरवर जामखेडला ती पन्नास वर्षांपूर्वीच करून झाली आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य. दोघांचं शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालं. पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परत आले आणि १९७० साली त्यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दुष्काळी मुलूख, रस्ते नाहीत, आणि १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांमागे सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. दोनच डॉक्टर आणि चहूकडे विखुरलेली गावं. म्हणजे हातात माणसं हवीच होती. आजच्या भाषेत, पहिले कर्मचारी.

त्यांनीही आधी कागद बघूनच माणसं नेमली होती. प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका गावात ठेवून बघितल्या. कुणीही हेच केलं असतं. पण ते जमेना. बाहेरून आलेली तरुण, एकटी मुलगी अनोळखी खेड्यात राहणार कशी? तिची सुरक्षितता कोण बघणार? तिचं मन दवाखान्याकडे, शहराकडे ओढ घेणार. आणि गावातली बाळंतीण तिच्याशी मोकळं बोलणार तरी किती? पुणं-हिंजवडीचं जे आपलं दुखणं, तेच हे.

मग त्यांनी उलटा विचार केला. जी गावातच आहे, गाव सोडून कुठे जाणार नाही आणि जिच्यावर गावाचा विश्वास आहे अशी बाई निवडायची. तीही डॉक्टरांनी नाही, गावानं निवडायची. या बायका कोण होत्या? बहुतेक जणी शाळेची पायरी न चढलेल्या. कित्येक दलित वस्तीतल्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. आपल्या जाहिरातीतली एकही अट त्यांनी पुरी केली नसती. पण बाळंतपणं त्यांनी पाहिली होती, घरोघरची दुखणी त्यांना ठाऊक होती, आणि रात्री दोनला दार वाजवलं तर त्या उठणार हे गावाला माहीत होतं.

निवड झाली म्हणजे काम झालं, असंही आरोळ्यांनी मानलं नाही. इथे मला आपल्या उद्योजक भगिनींचं खास लक्ष हवंय. त्या बायका दर आठवड्याला जामखेडला येत. शिकत, मुक्काम करत, एकत्र जेवत. वेगवेगळ्या जातीच्या बायका एका पंगतीला, हे त्या काळी सोपं नव्हतं! गेल्या आठवड्यात गावात काय घडलं ते त्या सांगत. कुठलं मूल दगावलं, का दगावलं, काय करायला हवं होतं. मग नवं काहीतरी शिकून परत जात. गरोदर बाईची तपासणी, बाळाचं वजन, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, लसीकरण, कुटुंबनियोजन. हे आठवड्या-आठवड्यानं वर्षानुवर्षं चाललं. अडाणी म्हणून ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या बायका आपल्या गावाच्या आरोग्याचा हिशेब बोटांवर सांगू लागल्या. आणि नव्वदच्या दशकात त्या गावांतला बालमृत्यूचा तो १७६ चा आकडा विशीच्या आसपास आला.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं काढलेल्या पुस्तकात जामखेडच्या कामावर प्रकरण आलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ नावाच्या जामखेडच्या आरोग्यसेविकेनं १९८८ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत भाषण केलं. सभागृहातल्या झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या होत्या की हे दिवे सुंदर खरे, पण महागडे आणि हात न पोचणारे. आपल्या हातातला दिवा लहान, पण त्यानं दुसरा लावता येतो. अशी ती आठवण आजही सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, 'ते समाजकार्य झालं हो, आम्हाला लोणची विकायचीत!' बरोबर आहे. पण यातलं आपल्या कामाचं काय ते बघू या.

पहिलं म्हणजे, नगरसारख्या ठिकाणी माणसं नाहीत असं नाही. आपण ती जिथे नाहीत तिथे शोधतो. आपल्या जिल्ह्यात घरोघरी बी.कॉम. झालेल्या, डी.एड. होऊन शिक्षकभरतीची वाट बघत थकलेल्या, टॅली शिकून लग्नानंतर ते विसरत चाललेल्या सुना आहेत. त्या पुण्याला जाऊ शकत नाहीत. मुलांची शाळा आहे, सासऱ्यांचं पथ्य आहे, शेत आहे. सकाळी अकरा ते चार एवढाच वेळ त्यांच्या हातात असतो. पण त्या पाच तासांत त्या जे काम उरकतात, ते नऊ तास खुर्चीत बसणाऱ्यालाही जमत नाही! आणि त्या तीन महिन्यांत हिंजवडीला जात नाहीत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. देशी बियाण्यांच्या कामासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी तुमच्याकडे अर्ज केला असता, तर बायोडेटात 'शिक्षण' या शब्दापुढे काय लिहिलं असतं? आणि तुम्ही तो अर्ज कुठे टाकला असता?

दुसरं, मुलाखतीत गप्पा मारण्यापेक्षा काम करून बघायला द्यावं. आठ-पंधरा दिवस, आणि त्या दिवसांचे पैसे देऊन. 'ट्रायल आहे, जमलं तर बघू' म्हणून पंधरा दिवस फुकट राबवून घेणं ही आपल्याकडची फार वाईट खोड आहे. पाकीट बंद करायचं असेल तर शंभर पाकिटं करून बघू दे. हिशेब ठेवायचा असेल तर एका महिन्याची बिलं पुढ्यात ठेवा. तिची चूक कुठे होते यापेक्षा, चूक दाखवल्यावर ती काय करते हे बघा. आणि आधीपासून असलेल्या बायकांना विचारा, 'हिच्याबरोबर काम करायला आवडेल का?' जामखेडला गावानं निवडलं ते याचसाठी.

तिसरं, दर आठवड्याला एक तास. शनिवारी दुपारी मशिनं बंद करून सगळ्यांनी चहा घेत बसायचं आणि त्या आठवड्याचं बोलायचं. माल परत का आला? गिऱ्हाईक काय म्हणालं? पुढच्या आठवड्यात किती ऑर्डर आहे? पहिल्या माणसांना धंद्यातलं कळलं तर ती धंदा सांभाळतात. नुसती कामं सांगितली तर नुसती कामं करतात.

इथवर बहुतेक जणी माना डोलावतात. आता पैशाचं बोलू या. खरी कुरकुर इथेच होते.

जामखेडच्या त्या बायका पगारदार नोकर नव्हत्या. त्या स्वयंसेविका म्हणून काम करत, आणि त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून प्रकल्पानं त्यांना कर्ज, जोडधंद्याचं शिक्षण असा आधार दिला. त्या गावाला बांधील होत्या, मालकाला नाही. आणि त्यांच्या कामातून कुणाच्या खिशात नफा जात नव्हता. ही गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. कारण आपण जामखेडमधलं नेमकं 'कमी पैशात काम' एवढंच उचलतो, आणि बाकीचं सगळं तिथेच सोडून देतो!

आपल्या सरकारनंच काय केलं बघा ना. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावातल्याच बाईला 'आशा' म्हणून नेमायचं ठरलं. कल्पना चांगलीच होती. गावातली बाई, गावाच्या विश्वासातली. पण तिला कर्मचारी म्हणायचं नाही, स्वयंसेविका म्हणायचं. पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन. कोरोनात घरोघर फिरली ती हीच बाई. महाराष्ट्रात अशा सुमारे सत्तर हजार जणी आहेत, आणि २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं. 'सेवा' हा शब्द सरकार वापरतं तसाच 'घरच्यासारखी' हा शब्द आपण वापरतो. दोन्ही शब्द मोठे गोड आहेत, आणि दोन्हींमुळे बाईच्या हातात पडणारी रक्कम कमी होते.

हे मी नुसत्या वह्या बघून म्हणत नाही. माझी पहिली नोकरी एका नव्या ऑफिसात होती. मालक, मालकीणबाई आणि तिसरी मी. 'तू आमची मुलगीच' असं पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. मुलगी म्हटल्यावर मी टपालही लिहायची, वह्याही, आणि पाहुणे आले की चहाही. मुलीला सुट्टी कशाला हवी? मुलीला पगाराची तारीख कशाला हवी? साडेतीन वर्षांनी ऑफिस मोठं झालं, सहा माणसं आली. नव्यांना नेमणूकपत्रं मिळाली, कारण ते 'बाहेरचे' होते. मी सोडताना अनुभवाचा दाखला मागितला, तर मालकीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. 'घरच्या माणसाला दाखला देतात का गं?' त्या खरंच दुखावल्या होत्या. दाखला काही मिळाला नाही. पुढच्या ठिकाणी साडेतीन वर्षांचा अनुभव असून मी नवशिकी म्हणून लागले, आणि तो फरक पुढची किती तरी वर्षं माझ्या पगारात राहिला.

म्हणून माझं म्हणणं आहे की पहिल्या बाईला पहिल्याच दिवशी एक कागद द्या. एकच पान, मराठीत. काम काय, वेळ कोणती, पगार किती आणि कुठल्या तारखेला, सुट्ट्या किती, खाडा झाला तर काय, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. खाली दोघींच्या सह्या. पगार बँकेत टाका. वर्षानं किती वाढ होईल तेही लिहा. एवढ्या कागदाला वकील लागत नाही.

"आमच्याकडे तीनच तर बायका, आम्हाला कुठला कायदा?" असंही विचारतात. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस माणसांपासून लागतो हे खरं. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनं किमान वेतनाचा हक्क सगळ्याच कामगारांना दिलाय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. दहापेक्षा कमी असतील तर त्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. म्हणजे तीन बायकांच्या खोलीतली तिसरी बाईसुद्धा वाऱ्यावर नाही. हे तिला तुम्हीच सांगा. बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

आणि कायद्यात नसलेल्या दोन गोष्टी. एक, संडास. शेजारच्या दुकानाचा नाही, स्वतःचा आणि आतून कडी लागणारा. दोन, शेवटची एस.टी. पाथर्डी-शेवगावकडची बाई 'थोडं थांब गं, एवढी पाकिटं झाली की जा' म्हणून थांबली, की तिची गाडी जाते आणि मग घरी जे रामायण होतं त्यात तिची नोकरीच जाते. गाडीची वेळ ही तिच्या कामाची वेळ आहे, ती कागदात लिहा.

"परवडत नाही हो!" हे मी रोज ऐकते, आणि ते नेहमीच खोटं नसतं. सुरुवातीला खरंच परवडत नाही. पण मग तसं स्पष्ट सांगा. आठ तासांचा पगार परवडत नसेल तर चार तासांची बाई घ्या आणि चार तासांनी तिला घरी जाऊ द्या. रोजची गरज नसेल तर नगावर काम द्या, पण नगाचा दर ठरवून, लिहून. आठ तास राबवून चार तासांचे पैसे देणं आणि वर 'घरच्यासारखी' म्हणणं, हे मात्र नको.

शिवाय परवडण्याचा हिशेब आपण अर्धाच करतो. समजा, अर्ध्या दिवसाच्या बाईला तुम्ही महिना साडेसहा हजार देता आणि ती पाचशे वाढवून मागतेय. वर्षाचे सहा हजार होतात. नाही म्हटलं, आणि ती दिवाळीच्या तोंडावर गेली. आता नवी बाई शोधायला पंधरा दिवस. तिला शिकवायला महिना, आणि त्या महिन्याचे साडेसहा हजार तर द्यायचेच. तेवढ्यात वजनाच्या गोंधळानं परत आलेला माल, उशिरा गेलेली ऑर्डर, आणि तुमची स्वतःची रात्री बारापर्यंतची जागरणं. यातल्या नुसत्या शिकवण्याच्या महिन्याचे पैसेच तिनं मागितलेल्या वाढीपेक्षा जास्त झाले! मी हा हिशेब मांडून दाखवते तेव्हा समोरची गप्प होते. कारण वहीत 'ती गेली' असा रकानाच नसतो.

आणि धंदा वाढल्यावर काय? मोठ्या आयटी कंपन्या पहिल्या माणसांना शेअर देतात, त्याचं आपण कौतुकानं वाचतो. आपल्याकडे शेअर नसतील, नफा तर असतो ना? मुंबईत गिरगावात १९५९ साली सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच पुढे 'लिज्जत' झालं. तिथे पापड लाटणारी बाई नोकर नसते, सभासद असते, आणि नफ्यात तिचा वाटा असतो. आपल्याला अगदी तसंच करता येईल असं नाही. पण पाच वर्षांपूर्वी तुमच्याबरोबर पहिलं पाकीट बंद करणाऱ्या बाईला वर्षाच्या नफ्यातला काही टक्का द्यायला काय हरकत आहे? साडी तिची तिला घेता येईल, आणि तिच्या आवडीच्या रंगाची!

जाता जाता नोकरी शोधणाऱ्या मुलींनाही सांगते. नव्या, लहान ठिकाणी जरूर जा. मोठ्या कंपनीत पाच वर्षांत दिसणार नाही एवढं काम तिथे वर्षात शिकायला मिळतं. पण मुलाखतीत खाली बघून 'तुम्ही द्याल ते' म्हणू नका. पगार कुठल्या तारखेला होतो, आधीची बाई का सोडून गेली, आणि हे सगळं कागदावर मिळेल का, एवढे तीन प्रश्न विचारा. समोरची बाई चांगली असेल तर तिला राग येणार नाही. आलाच, तर तुम्हाला उत्तर मिळालंच म्हणायचं.

आणि मालकीणबाई, तुम्ही! या महिन्याच्या एक तारखेला वही उघडाल तेव्हा 'किरकोळ खर्च' या सदराखाली कुणाचं नाव दडलंय का ते बघा. असेल तर ते तिथून काढा आणि स्वतंत्र पानावर लिहा. पूर्ण नाव, कामाला लागल्याची तारीख, पगार. मग तिला बोलावून ते पान दाखवा. त्यानंतर तिला घरच्यासारखी म्हणायला माझी काही हरकत नाही.